इंग्रजीतील विशेषनाम नेमके कशावरून ओळखावे?

चौकस

इंग्रजी व्याकरणाच्या बहुतेक पुस्तकांत प्रॉपर नाऊन आणि कॉमन नाऊन यांची व्याख्या पहिल्या काही पानांतच येते. एखाद्या व्यक्तीचे, स्थळाचे किंवा वस्तूचे खास तिचेच असलेले नाव ते विशेषनाम आणि त्या जातीतील कोणालाही लागू पडणारे नाव ते सामान्यनाम, एवढे सांगून 'लंडन' आणि 'सिटी', 'शेक्सपिअर' आणि 'पोएट' अशा दोनचार जोड्या दिल्या जातात आणि विषय आटोपतो. इंग्रजी मजकूर तपासण्याचे काम करताना मात्र ही व्याख्या वारंवार अपुरी पडते, म्हणून हा धागा काढत आहे.

'मंडे' हे विशेषनाम मानतात आणि त्याचे पहिले अक्षर कॅपिटल लिहितात; परंतु सोमवार दर आठवड्याला येतो, मग तो एकमेव कसा? 'स्प्रिंग' आणि 'समर' हेही कालखंडच आहेत, तरी ते स्मॉल अक्षराने लिहायचे. 'इंग्लिश' कॅपिटल, पण 'मॅथेमॅटिक्स' स्मॉल. आपल्या आकाशात चंद्र एकच दिसतो, तरी 'मून' बहुतेक पुस्तकांत स्मॉल एमने छापलेला असतो. विशेषनामाआधी 'द' येत नाही असा नियम सांगितला जातो आणि त्याच पुस्तकात पुढे 'द टेम्स', 'द आल्प्स', 'द नेदरलँड्स' दिसतात. या सर्वांना पुरून उरेल अशी एखादी कसोटी आहे काय, की प्रत्येक शब्द वेगळा पाठ करणे हाच मार्ग आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सरळरेघ

मला हा प्रश्न इतका अवघड वाटत नाही. वाक्याच्या मध्यभागी आलेल्या शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल असेल तर तो शब्द विशेषनाम, नसेल तर सामान्यनाम. इंग्रजीने ही सोय लिपीतच करून ठेवली आहे, तिचा लाभ घ्यावा. आपल्या लिपीत लहानमोठी अक्षरे नसल्यामुळे आपण या सोयीकडे संशयाने पाहतो, असे माझे मत आहे.

तळटीप

सरळरेघ यांची पद्धत वाचताना बऱ्याच अंशी उपयोगी पडते हे खरे. पण चौकस यांना लिहिताना निर्णय घ्यायचा आहे. कॅपिटल अक्षर कुठे लिहावे हे ठरवण्यासाठी विशेषनाम ओळखायचे आणि विशेषनाम ओळखण्यासाठी कॅपिटल अक्षर पाहायचे, या वर्तुळातून बाहेर कसे पडणार? शिवाय बोलताना कॅपिटल अक्षरे नसतात. इंग्रजी मातृभाषा असलेले तीन वर्षांचे मूल अक्षरओळख होण्यापूर्वीच 'डॉग'च्या आधी 'द' लावते आणि स्वतःच्या भावाच्या नावाआधी लावत नाही. म्हणजे हा भेद लिपीच्या आधी भाषेतच आहे आणि लिपी त्याची नोंद घेते, तीही अर्धीमुर्धी.

ती नोंद किती बेभरवशाची आहे ते पाहा. 'आय' हे सर्वनाम असून कॅपिटल असते. 'इंग्लिश', 'व्हिक्टोरियन', 'शेक्सपिअरियन' ही विशेषणे असूनही कॅपिटल असतात. सतराव्या शतकात आणि अठराव्या शतकाच्या बऱ्याच भागात इंग्रजी छपाईत साधी सामान्यनामेही सर्रास कॅपिटल अक्षराने लिहिली जात. अमेरिकेच्या १७७६ सालच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'लाइफ', 'लिबर्टी' आणि 'हॅपिनेस' या शब्दांची पहिली अक्षरे कॅपिटल आहेत, पण त्यांच्याच शेजारचा 'पर्सूट' स्मॉल आहे. त्या काळच्या लेखनिकांनी 'लाइफ' हे विशेषनाम मानले होते असे कोणी म्हणणार नाही. ती केवळ लेखनाची रीत होती, आणि ती पुढे मागे पडली. जर्मन भाषेत आजही प्रत्येक नाम कॅपिटल अक्षराने लिहितात. डॅनिश भाषेतही तीच रीत होती, ती १९४८ च्या लेखनसुधारणेत काढून टाकण्यात आली. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत तर वारांची, महिन्यांची आणि भाषांची नावे स्मॉल अक्षराने लिहितात. सोमवार पॅरिसमध्ये सामान्यनाम आणि खाडी ओलांडली की विशेषनाम, असे मानायचे का?

तेव्हा कसोटी शब्दाच्या वागणुकीत शोधावी लागते. इंग्रजीतील मोजता येणारे सामान्यनाम एकवचनात सहसा एकटे येत नाही. 'बॉय केम' हे वाक्य इंग्रजी कानाला अपुरे वाटते; त्याआधी 'अ', 'द', 'माय', 'धिस' यांपैकी काहीतरी लागतेच. 'जॉन केम' मध्ये असे काही लागत नाही. उलट 'द जॉन' म्हटले की ऐकणारा पुढच्या शब्दांची वाट पाहतो, कारण त्याला आता अनेक जॉनपैकी एक निवडून दिला जाणार आहे असे वाटते. 'वॉटर', 'म्यूझिक' यांसारखी न मोजता येणारी सामान्यनामेही एकटी येतात, म्हणून एवढ्यावर थांबता येत नाही. पण त्यांना 'सम' आणि 'मच' चालतात, आणि 'मच लंडन' असे सरळ अर्थाने कोणी म्हणत नाही.

आता यातला बारकावा असा, की विशेषनामाला निवड करणारे विशेषण लागले की 'द' परत येतो. 'द यंग आइन्स्टाइन' म्हणजे आयुष्याच्या एका टप्प्यावरचा आइन्स्टाइन, 'द लंडन ऑफ द एटीन्थ सेंच्युरी' म्हणजे अनेक काळांतील लंडनपैकी एका काळातील लंडन. पण 'पुअर जॉन' म्हणताना 'द' लागत नाही, कारण तिथे श्रीमंत जॉन आणि गरीब जॉन यांत निवड करायची नसून 'बिचारा जॉन' एवढेच म्हणायचे असते. विशेषण एकाच प्रकारचे दिसत असूनही व्याकरण असे वेगळे वागते, आणि त्या वागण्यातूनच शब्दाची जात कळते. मला तरी हा इंग्रजीतील फार देखणा भाग वाटतो.

चौकस

तळटीप, मनापासून आभार. वर्तुळाचा मुद्दा पूर्णपणे पटला. मात्र आपल्या कसोटीने 'जॉन' सुटला तरी 'द टेम्स' सुटत नाही, कारण तिथे निवड करणारे विशेषण नसतानाही 'द' आहे. आणि 'मंडे' चे काय?

पूर्वपक्ष

'मंडे' बद्दल आधी लिहितो. मुळात शब्दकोशातील शब्दाला विशेषनाम किंवा सामान्यनाम असा कायमचा शिक्का मारण्याची सवयच गोंधळाला कारण आहे. 'आय विल सी यू ऑन मंडे' या वाक्यात 'मंडे' हे येत्या ठरावीक दिवसाचे नाव आहे. त्याला आर्टिकल नाही आणि ऐकणाऱ्याला कोणता दिवस हे नेमके कळते. 'इट वॉज अ मंडे' किंवा 'ऑन मंडेज' म्हटले की तोच शब्द दिवसांच्या एका वर्गाचे नाव होतो आणि सामान्यनामासारखा वागू लागतो. कॅपिटल एम दोन्हीकडे तोच राहतो, कारण लेखनाचा नियम शब्दाला लागतो आणि व्याकरण त्याच्या उपयोगाकडे पाहते. माणसांच्या नावांचेही हेच होते. 'देअर आर थ्री मेरीज इन द क्लास' या वाक्यात 'मेरी' म्हणजे 'मेरी हे नाव असलेली मुलगी', आणि असा अर्थ झाला की शब्द मोजताही येतो व त्याला अनेकवचनही घेता येते.

तत्त्वज्ञांनी याचा विचार बराच खोलवर केला आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये असे मांडले की विशेषनाम वस्तूकडे केवळ बोट दाखवते, तिचा कोणताही गुण सांगत नाही. त्यांचे उदाहरण डार्टमथ या गावाचे आहे. डार्ट नदीच्या मुखाशी वसले म्हणून गावाला हे नाव पडले असेल. पण उद्या वाळू साचून किंवा भूकंपाने नदीचे मुख दूर गेले तरी गावाचे नाव खोटे ठरत नाही. 'पोर्ट' या सामान्यनामाचे तसे नाही. तिथे जहाजे लागेनाशी झाली आणि पुन्हा लागण्याची शक्यताही उरली नाही, तर त्याला बंदर म्हणणे हळूहळू चुकीचे ठरते. सामान्यनामाला अर्थाची अट असते. विशेषनामाला फक्त नाव ठेवले गेल्याचा इतिहास पुरतो. प्राचीन ग्रीक स्टोइक विचारवंतांना तर हा भेद इतका मूलभूत वाटला होता की त्यांनी विशेषनामे आणि सामान्यनामे हे शब्दांचे दोन स्वतंत्र वर्गच मानले. नंतरच्या व्याकरणकारांनी त्यांना एकाच 'नाम' या वर्गाखाली आणले.

या दृष्टीने 'एकमेव असणे' ही कसोटी टिकत नाही. जगात सर्वांत उंच पर्वतशिखर एकच आहे, म्हणून 'हायेस्ट पीक' हे विशेषनाम होत नाही, 'एव्हरेस्ट' होते. उलट स्प्रिंगफील्ड नावाची गावे अमेरिकेत अनेक आहेत, तरी त्यांतील प्रत्येकाचे ते विशेषनामच आहे.

तळटीप

पूर्वपक्ष यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत आहे. आता 'द टेम्स' कडे वळतो.

इंग्रजी स्थळनामांत 'द' कुठे येतो याला बऱ्यापैकी शिस्त आहे. नद्या, महासागर, पर्वतरांगा, वाळवंटे आणि द्वीपसमूह यांना 'द' लागतो: द टेम्स, द पॅसिफिक, द आल्प्स, द सहारा, द बहामाज. सुटे शिखर, सुटे बेट, सरोवर आणि खंड यांना लागत नाही: माउंट एव्हरेस्ट, आइसलँड, लेक व्हिक्टोरिया, आफ्रिका. देशांच्या नावांत अनेकवचनाचे रूप असेल किंवा 'किंग्डम', 'स्टेट्स', 'रिपब्लिक' असे सामान्यनाम असेल तर 'द' येतो, म्हणून 'द नेदरलँड्स' आणि 'द युनायटेड किंग्डम', पण 'फ्रान्स' आणि 'चाड'. 'द टेम्स' मध्ये 'रिव्हर' आणि 'द पॅसिफिक' मध्ये 'ओशन' हे सामान्यनाम गाळलेले आहे असे समजल्यास त्या दोघांतील 'द' चा उलगडा होतो, सगळ्यांचा होत नाही.

महत्त्वाचे असे की हा 'द' नावाला चिकटलेला असला तरी नावाचा अविभाज्य भाग नसतो. 'टू युनायटेड स्टेट्स वॉरशिप्स' म्हणताना तो सहज गळून पडतो. 'माय बिलव्हेड टेम्स' म्हणतानाही त्याची जागा 'माय' घेतो. म्हणून वाक्याच्या मध्ये तो स्मॉल टीने लिहितात. 'द हेग' आणि 'द गॅम्बिया' या नावांत मात्र अधिकृत रूपातच 'द' आहे, म्हणून तिथे तो कॅपिटल लिहिण्याची रीत आहे, जरी काही वृत्तपत्रे तसे करत नाहीत. युक्रेनचे उदाहरण याहून बोलके आहे. पूर्वी इंग्रजीत 'द युक्रेन' म्हणत. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर 'द' वगळण्याचा आग्रह धरला गेला, कारण त्या आर्टिकलमुळे ते स्वतंत्र देशाचे नाव न वाटता एखाद्या मोठ्या देशातील प्रदेशाचे वर्णन वाटते, असा आक्षेप होता. आर्टिकलच्या एका शब्दावरून राजकीय भावना दुखावतात, याचा अर्थ ऐकणाऱ्यांना नाव आणि वर्णन यांतील फरक आतून जाणवतो.

अक्षरयंत्र

धाग्यात आतापर्यंत 'विशेषनाम' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला गेला आहे, त्यांची फोड करणे आवश्यक वाटते. 'द व्हाइट हाउस' घ्या. हे एका इमारतीचे नाव आहे यात शंका नाही. पण त्यातील 'व्हाइट' हे साधे विशेषण आहे आणि 'हाउस' हे साधे सामान्यनाम. म्हणजे संपूर्ण पदबंध नाव आहे आणि त्यातील एकही शब्द विशेषनाम नाही. 'बँक ऑफ इंग्लंड' मध्ये फक्त 'इंग्लंड' हे विशेषनाम आहे, तरी तीन शब्द मिळून एका संस्थेचे नाव होते. इंग्रजी व्याकरणकार म्हणूनच प्रॉपर नाऊन आणि प्रॉपर नेम असा भेद करतात. पहिला एका शब्दाचा वर्ग आहे, दुसरे पदबंधाचे काम आहे. 'युनिव्हर्सिटी', 'रिव्हर', 'स्ट्रीट' हे शब्द नावात असताना कॅपिटल आणि नावाबाहेर स्मॉल का होतात, याचे उत्तर या भेदात आहे. विद्यार्थी 'शी गोज टू युनिव्हर्सिटी' मध्ये कॅपिटल यू लिहितात, ते हा भेद शिकवला जात नाही म्हणून.

बोलताना हा फरक आघातानेही कळतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाचा उल्लेख करताना जोर 'व्हाइट' वर येतो. रस्त्यावरील कुठल्याही पांढऱ्या घराबद्दल बोलताना जोर 'हाउस' वर जातो.

माझे काम संगणकाला भाषा शिकवण्याचे असल्यामुळे आणखी थोडे लिहितो. इंग्रजी वाक्यांवर शब्दजातींच्या खुणा करून ठेवलेला 'पेन ट्रीबँक' हा प्रसिद्ध संग्रह आहे. त्यात सामान्यनामाला 'एनएन' आणि विशेषनामाला 'एनएनपी' अशी खूण असते. वार आणि महिने तिथे 'एनएनपी' मध्ये मोडतात, ऋतू 'एनएन' मध्ये. मजकुरातील माणसे, संस्था आणि स्थळे हुडकून काढण्याच्या कामाला १९९५ मध्ये झालेल्या सहाव्या 'मेसेज अंडरस्टँडिंग कॉन्फरन्स' च्या निमित्ताने 'नेम्ड एंटिटी' हे नाव मिळाले आणि तिथे पदबंधाचाच विचार होतो, सुट्या शब्दाचा नाही. सरळरेघ यांची पद्धत संगणकही वापरतो, आणि ती कुठे कोसळते हे त्याच्याकडे पाहून चांगले कळते. सगळा मजकूर स्मॉल अक्षरांत असेल, किंवा ज्यात प्रत्येक शब्द कॅपिटल असतो असा मथळा असेल, तर अचूकता घसरते. वाक्याच्या आरंभी 'रोझ' आला तर ती मुलगी आहे की फूल, 'मार्क' आला तर तो माणूस आहे की खूण करण्याची आज्ञा, हे पुढचे शब्द वाचल्याशिवाय ठरत नाही. वाचणारा माणूसही तेच करतो, फक्त इतक्या झपाट्याने की त्याला स्वतःला पत्ता लागत नाही.

मोजपट्टी

विज्ञानाच्या लेखनात या विषयाची एक गमतीदार बाजू आहे. 'न्यूटन', 'पास्कल', 'वॉट', 'व्होल्ट', 'केल्विन' ही शास्त्रज्ञांची नावे. पण ती मोजमापाची एकके झाली की इंग्रजीत स्मॉल अक्षराने लिहायची, हा आंतरराष्ट्रीय एककपद्धतीचा नियम आहे. 'फाइव्ह न्यूटन्स' असे अनेकवचन होते, म्हणजे तळटीप यांच्या कसोटीने ते चोख सामान्यनाम आहे. चिन्ह मात्र कॅपिटल राहते: न्यूटनसाठी मोठा एन, वॉटसाठी मोठा डब्ल्यू. माणसाचे नाव नसलेल्या एककाचे चिन्ह स्मॉल असावे असाही संकेत आहे, आणि त्याला अपवाद लिटरचा. छोटा एल हा एक या अंकासारखा दिसतो, म्हणून १९७९ मध्ये मोठ्या एललाही मान्यता देण्यात आली.

'डिग्री सेल्सिअस' मध्ये सी कॅपिटल का, असे नेहमी विचारले जाते. तिथे एककाचे नाव 'डिग्री' पासून सुरू होते आणि 'सेल्सिअस' हे त्याला जोडलेले माणसाचे नाव आहे, म्हणून ते जसेच्या तसे राहते. तापमानाच्या दुसऱ्या एककाला १९६७ पर्यंत 'डिग्री केल्विन' म्हणत. त्या वर्षी 'डिग्री' गेली, केल्विन स्वतःच एकक झाले आणि नावातील मोठा के छोटा झाला.

'मून' च्या प्रश्नाचेही उत्तर देतो. १६१० मध्ये गॅलिलिओने गुरूभोवती फिरणारे चार गोल पाहिले. तोपर्यंत ज्याला चंद्र म्हणावे अशी वस्तू माणसाला एकच ठाऊक होती, त्यामुळे नाव आणि जात यांत फरक करण्याची गरजच पडली नव्हती. इतर ग्रहांनाही चंद्र आहेत असे कळल्यावर 'मून' हा शब्द जातीसाठी वापरात आला. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ आपल्या चंद्रासाठी, सूर्यासाठी आणि पृथ्वीसाठी कॅपिटल अक्षराची शिफारस करतो, म्हणजे 'द मून' आपला आणि 'मून्स ऑफ ज्युपिटर' इतरांचे. सर्वसाधारण साहित्यात आणि वृत्तपत्रांत ही शिफारस पाळली जात नाही, म्हणून चौकस यांना स्मॉल एम दिसतो. पृथ्वीसाठीच्या 'अर्थ' या इंग्रजी शब्दाबाबत एक खूण लक्षात ठेवता येते: 'मार्स अँड अर्थ' असा ग्रहांच्या पंक्तीत आर्टिकलशिवाय आला तर कॅपिटल, मातीच्या अर्थाने आला तर स्मॉल.

दाखलेबाज

वर शब्दांच्या वागणुकीचा इतका विचार झाला आहे, पण या भेदावर न्यायालयांतही लढाया झाल्या आहेत याचा उल्लेख कोणीच केला नाही. व्यापारचिन्ह हे एका उत्पादकाच्या मालाचे विशेषनाम असते. लोक ते त्या जातीच्या सगळ्या मालासाठी वापरू लागले, म्हणजे ते सामान्यनाम झाले, की मालकाचा हक्क जाऊ शकतो.

'अॅस्पिरिन' हे बायर कंपनीचे चिन्ह होते. १९२१ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने ठरवले की सामान्य ग्राहकाच्या लेखी हा शब्द औषधाचे नाव झाला आहे, कंपनीचा राहिलेला नाही. कॅनडात मात्र ते आजही नोंदलेले चिन्ह आहे. अर्थात एकच शब्द सीमेच्या एका बाजूला स्मॉल आणि दुसऱ्या बाजूला कॅपिटल. 'एस्कलेटर' चे विशेषनामपण १९५० मध्ये गेले. 'थर्मॉस' चा १९६३ मधील निकाल तर या धाग्यासाठीच दिला असावा असा आहे: न्यायालयाने प्रतिस्पर्धी कंपनीला हा शब्द स्वतःच्या नावासोबत आणि स्मॉल टीने वापरण्याची मुभा दिली व कॅपिटल टी मूळ कंपनीकडे ठेवला. तळटीप यांनी लिपीची नोंद अर्धीमुर्धी म्हटली आहे. इथे त्या नोंदीवरच कायदेशीर हक्क उभा राहिला.

म्हणूनच कंपन्यांचे वकील आपले चिन्ह नेहमी विशेषणासारखे वापरा, त्याचे अनेकवचन करू नका, त्याचे क्रियापद करू नका, असे बजावतात. व्याकरणाच्या दृष्टीने ते दुसरे काही सांगत नसतात. आमचा शब्द सामान्यनामासारखा वागू देऊ नका, एवढेच त्यांचे म्हणणे असते. बोलणारे लोक अर्थातच ऐकत नाहीत. 'गूगल' हा शब्द २००६ मध्ये क्रियापद म्हणून इंग्रजीच्या प्रमुख कोशांत दाखल झाला.

सरळरेघ

सर्वांचे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. माझ्या पद्धतीची मर्यादा अक्षरयंत्र यांनी नेमकी दाखवली आहे. तरीही वाचकासाठी ती पहिली पायरी म्हणून ठेवावी, असे मला अजून वाटते. माझ्या दोन शंका आहेत. 'मदर' आणि 'प्रेसिडेंट' हे शब्द कधी कॅपिटल, कधी स्मॉल दिसतात, त्यांचे काय? आणि 'इंटरनेट' पूर्वी कॅपिटल होते, आता स्मॉल दिसते. त्या शब्दाची वागणूक तर मुळीच बदललेली नाही.

तळटीप

'मदर' ची शंका सोपी आहे. 'आय आस्क्ड मदर' या वाक्यात 'मदर' च्या जागी 'मेरी' ठेवून पाहा. वाक्य टिकते, म्हणून तिथे तो शब्द नावासारखा वापरला आहे आणि कॅपिटल आहे. 'आय आस्क्ड माय मदर' मध्ये 'मेरी' ठेवली तर 'माय मेरी' होते आणि अर्थ बदलतो, म्हणून स्मॉल. पदवीचेही बरेचसे असेच आहे: 'प्रेसिडेंट लिंकन' मध्ये पदवी नावाला जोडलेली आहे, 'द प्रेसिडेंट' मध्ये ती पदाचे वर्णन आहे. तरी एखाद्या सरकारी पत्रकात 'द प्रेसिडेंट' ही कॅपिटल दिसेल. तो आदर दाखवण्याचा प्रकार आहे आणि त्यात व्याकरण शोधण्यात अर्थ नाही. ज्या संस्थेसाठी लिहायचे तिची शैलीपुस्तिका पाहावी.

'इंटरनेट' ची शंका अधिक चांगली आहे, कारण तिथे कॅपिटल हा निव्वळ निर्णयाचा भाग आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१६ मध्ये ते स्मॉल केले. अनेक जाळ्यांना जोडणाऱ्या जाळ्यांपैकी एकाचे नाव म्हणून ज्यांनी तो शब्द पाहिला, त्यांना कॅपिटल योग्य वाटत असे. वीज किंवा दूरध्वनी यांच्यासारखी व्यवस्था म्हणून पाहणाऱ्यांना स्मॉल पुरेसे वाटते. उलट दिशेचेही उदाहरण आहे. न्यूयॉर्क टाइम्सने १९३० मध्ये 'नीग्रो' या शब्दाचा एन कॅपिटल केला, आणि २०२० मध्ये असोसिएटेड प्रेसने वंशवाचक 'ब्लॅक' चा बी कॅपिटल केला. 'ब्लॅक' बहुतेक वेळा विशेषण म्हणून येतो, त्यामुळे हा निर्णय नामाच्या प्रकाराविषयी नव्हताच. एका समाजाच्या नावाला इतर समाजांच्या नावांच्या बरोबरीने लिहावे, एवढाच त्याचा अर्थ होता.

'इंग्लिश' आणि 'मॅथेमॅटिक्स' राहिलेच. ही दोन्ही नामे आर्टिकलशिवाय सारखीच वागतात. 'इंग्लिश' हा शब्द एका लोकसमूहाच्या नावाशी जोडलेला आहे, म्हणून कॅपिटल; 'मॅथेमॅटिक्स' मागे असे कोणतेही नाव नाही. ऋतूंबद्दल मात्र मी कारण शोधू नये असेच म्हणेन. 'इन स्प्रिंग' आणि 'इन एप्रिल' यांत व्याकरणाचा फारसा फरक नाही, लेखनाची रूढी वेगळी आहे, आणि ती पाठ करावी लागते.

चौकस

आता बरेच स्पष्ट झाले. एक शेवटची शंका विचारतो. 'ही बॉट अ पिकासो' मध्ये 'पिकासो' म्हणजे चित्र. त्याला 'अ' आहे, अनेकवचनही होते, तरी पी कॅपिटल. 'बॉयकॉट' आणि 'डीझेल' हेही माणसांच्या नावांवरून आलेले शब्द, पण ते स्मॉल. हा फरक कोणत्या आधारावर करायचा?

पूर्वपक्ष

मूळ व्यक्तीची आठवण अर्थासाठी लागते की नाही, या आधारावर. 'अ पिकासो' चा अर्थ 'पिकासोने काढलेले चित्र' असाच आहे. तो माणूस ठाऊक नसेल तर वाक्य कळणार नाही. 'द शेक्सपिअर ऑफ अवर टाइम' म्हणतानाही मूळ नाटककार डोळ्यांसमोर असावाच लागतो. याउलट १८८० मध्ये आयर्लंडमधील कुळांनी आणि गावकऱ्यांनी ज्या चार्ल्स बॉयकॉट या जमीन व्यवस्थापकावर बहिष्कार टाकला, त्याचे नावही न ऐकलेला माणूस 'बॉयकॉट' हे क्रियापद अचूक वापरतो. रुडॉल्फ डीझेल ठाऊक नसले तरी डीझेलवर चालणारे इंजिन कळते. मिल यांच्या भाषेत सांगायचे तर या शब्दांना आता स्वतःच्या अर्थाची अट लागली आहे आणि नाव ठेवल्याचा इतिहास अनावश्यक झाला आहे.

मधल्या अवस्थेतील शब्दांवर एकमत मिळणार नाही. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या काचेच्या दारवजा खिडकीला 'फ्रेंच विंडो' म्हणतात; तिचा फ्रान्सशी संबंध वापरणाऱ्याच्या मनात नसतो, म्हणून काही प्रकाशक एफ स्मॉल करतात आणि काही कॅपिटल ठेवतात. अशा ठिकाणी एक शब्दकोश निवडावा आणि पूर्ण मजकुरात त्याच्याप्रमाणेच लिहावे.

चौकस

ठीक. सध्याच्या कामात 'फ्रेंच विंडो' दोन वेगवेगळ्या प्रकरणांत दोन्ही प्रकारे आला आहे; तो कॅपिटल एफने एकसारखा करून घेतो.